शिवणाच्या बाई आणि त्यांच्या वाकळा

आमच्या शाळेच्या समितीनं पत्र पाठवून छापण्यासाठी शाळेच्या आठवणी मागितल्या आहेत. इमारत, मैदान, गॅदरिंग, एसएसएलसीचे (शालान्त परीक्षेचे) निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. इथं फक्त शिवणाच्या बाई. मुलींना त्यांनी कसूतीचं भरतकाम शिकवलं, झबली बेतायला शिकवली, पण बेळगावच्या शहापूर-वडगावात आजही त्यांचं नाव निघतं ते वाकळीवरून, म्हणजे गोधडीवरून. नवऱ्याची, मुलांची, नातवंडांची अशी प्रत्येकाची वाकळ त्यांनी वेगळ्या हिशोबानं शिवली. त्या गेल्या, आता तो हिशोब निदान छापून तरी राहू दे.

जुनी लुगडी एकावर एक टाकून दोरा ओढला की झाली वाकळ, असं समजणारीला बाई पहिल्याच तासाला गप्प करत. कापड आधी सोड्याच्या गरम पाण्यातून काढायचं आणि कडकडीत वाळवायचं. इरकलीचे काठ आणि पदर उसवून बाजूला ठेवायचे, कारण अंगाचं सूत आणि काठाचं रेशीम सारखं आटत नाही. टेरिकॉट नकोच. ते घाम पीत नाही आणि थरावर थर सरकतो. माणसाची वाकळ सहा फूट बाय चार, पाच पदरांची, म्हणजे पाच थरांची. वरचा आणि खालचा पदर धड, फाटकं सगळं आत. सातव्या पदराला सुई अडते आणि अंगठा सोलतो.

अंथरायची जागा ठरलेली: वर्गापुढचा व्हरांडा. शहाबादी फरशीच्या सांध्यांना कड लावली की रेघ आपोआप सरळ येते. मग सुतळीनं दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे नसतील तर वाकळ तिरकी, आणि तिरकी वाकळ धुतल्यावर आणखी तिरकी होते. मधून कडेकडे हात फिरवून सगळे पदर बसवायचे आणि वीत-वीत अंतरावर कच्चा दोरा घालायचा. ही पायरी चुकवली की कडेनं आत शिवत येताना कापड मध्ये साठतं, फुगा येतो, आणि तो फुगा मग कशानंही बसत नाही. पक्का टाका कोपऱ्यातून सुरू, चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यावर. दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा दीड हातच, मेण लावलेला. लांब घेतला की पीळ खातो.

गाठ मात्र कुठंच नाही. ही शिस्त कसूतीतून आलेली. कसूतीतला गवंतीचा टाका उलट-सुलट सारखा दिसायला हवा, तिथं गाठ चालतच नाही. वाकळीत कारण वेगळं: मऊ जुन्या कापडातून गाठ निसटते, किंवा तान्ह्याच्या पाठीला टोचते. दोन उलट टाके घालून दोरा पदरात लपवायचा. ओळ वाकडी गेली की मागून आवाज यायचा, "काय गे, टाका घालूलालीस की कावळ्याचे पाय काढूलालीस?"

एकदा आठवीच्या मुलींनी आजाऱ्यांच्या खोलीतल्या कॉटसाठी वाकळ केली. बाई रजेवर होत्या आणि खालचा पदर कोऱ्या मांजरपाटाचा, जाड सुती कापडाचा लागला, न धुतलेला. पहिल्या धुण्यात सगळी वाकळ आकसली, वर सुरकुत्याच सुरकुत्या. कोरं मांजरपाट हातामागे बोटभर आटतं, म्हणजे सहा फुटांत तीन इंच. जुनं लुगडं आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं. मुख्याध्यापक म्हणाले, टाकून द्या. बाईंनी प्रत्येकीला टेप घेऊन ती मोजायला लावली आणि शिवणाच्या कपाटात ठेवली. पुढच्या प्रत्येक आठवीला पहिला धडा तीच वाकळ.

दोरा घरचा असे. बाईंचे यजमान, आमचे काका, शहापूरला हातमागावर. ताणा संपला की मागावर सूत उरतं, ते काका घरी आणत. चार पदरांचा पीळ दिला की वाकळीचा दोरा तयार. पुढं मागावर कृत्रिम धागा आला आणि तो टाक्यात टिकेना, म्हणून बाईंना दोरा गणपत गल्लीतून विकत आणावा लागे. त्याबद्दल त्या काकांना टोमणे मारायच्या.

काकांना अर्धांगवायू झाला तेव्हा बाईंनी वेगळ्याच वाकळा केल्या. तीन फूट रुंद, खांद्यापासून मांडीपर्यंत येतील एवढ्याच. मधला भाग दोन पदरी, टाके विरळ, कारण टाक्याची धारसुद्धा पाठीला जखम करते. दोन्ही कडा चार पदरी आणि भक्कम. त्या गुंडाळून मुठीत धरायच्या आणि दोघांनी मिळून माणूस कुशीवर वळवायचा, दर दोन तासांनी. अशा तीन लागतात: एक अंगाखाली, एक धुण्यात, एक दोरीवर. बेळगावच्या पावसात पाच.

मुलांच्या लग्नातल्या वाकळा सासूच्या आणि आईच्या लुगड्यांच्या. सासूचं लुगडं वरून, आईचं आतून. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही, नुसत्या हसायच्या.

नातवंडांची दुपटी तीन पदरी, कोपऱ्याला घडीची तिकोनी फुलं. ती फुलं खानापूर-हल्याळकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांकडची. त्यांच्या कवंदीला, म्हणजे वाकळीला, फुलं नसली तर ती उघडी म्हणतात. परदेशातल्या नातीसाठी शिवताना आज्जीनं आधी फोनवर विचारलं, "तुमचं मशिन किती किलोचं?" भिजलेली जाड वाकळ धुण्याच्या मशिनच्या एकाच बाजूला गोळा होते आणि पिळताना मशिन धडधडतं. म्हणून तिची दोन पदरी आणि टाके अर्ध्या बोटावर. इतका विचार करणारी आज्जी कितीजणांना मिळते?

बाईंच्या विद्यार्थिनी आज अनगोळ, खासबागेत ब्लाउजची दुकानं चालवतात. एकीकडे तर बारा बायका कामाला आहेत. शाळेत मात्र शिवणाचा तास उरलेला नाही. त्या खोलीत आता संगणक आहेत. संगणक हवेतच, पण एक तास निघाला असता.

समितीला एक विनंती. प्रदर्शनात बाईंची मोठी वाकळ लावणार असं ऐकलंय. ती खिळे मारून टांगू नये, सगळं वजन दोन भोकांवर येऊन जुनं सूत फाटेल. मागच्या वरच्या कडेला चार बोटं रुंदीची सुती पट्टी शिवावी, टाका फक्त मागच्या पदरात घ्यावा आणि पट्टीतून काठी घालून ती दोन्ही टोकांना बांधावी. लावण्याआधी अर्धा दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. कपाटात डांबरगोळ्या आहेत, त्यांचा वास जायला हवा.