कंबरदुखीची एक गोळी म्हणजे तीन औषधं असतात, मागची बाजू वाचा

मी भांडुपला मेडिकलवर फार्मासिस्ट म्हणून काम करते आणि पावसाळा सुरू झाला, रस्त्यांना खड्डे पडले की कंबर धरलेल्या, मान अवघडलेल्या, पाठीत उसण भरलेल्या लोकांची लाईनच लागते. बाइकवाले, रिक्षावाले, लोकलला लोंबकळून ठाण्याहून सीएसएमटीला जाणारे, सगळेच. आणि बहुतेकांना हवी असते "ती मसलची गोळी". चिठ्ठी नसते, शेजाऱ्याने नाव सांगितलेलं असतं नाहीतर मागच्या वेळची अर्धी स्ट्रिप मोबाईलवर फोटो काढून आणलेली असते.

तर या गोळीत नक्की काय असतं ते आधी सांगते. सगळ्यात जास्त चालणारं कॉम्बिनेशन म्हणजे असेक्लोफेनाक १०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ आणि क्लोरझोक्साझोन, हे बहुतेक २५० मिग्रॅ असतं. काहीत असेक्लोफेनाकच्या जागी डायक्लोफेनाक किंवा आयबुप्रोफेन असतं, काहीत क्लोरझोक्साझोनच्या जागी थायोकोल्चिकोसाइड. पहिलं सूज आणि दुखणं कमी करतं, दुसरं दुखणं आणि ताप, आणि तिसरं आखडलेला स्नायू सैल करतं. पण हे तिसरं औषध थेट स्नायूवर जाऊन काम करत नाही बरं का, ते मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतं, म्हणून झोप येते, गरगरतं. ज्याला रिक्षा चालवायचीय, उंच शिडीवर चढायचंय किंवा ८.१२च्या फास्टला दरवाज्यात उभं राहायचंय त्याने हे फार गंभीरपणे घ्यायला हवं. पहिला डोस घरी असताना घ्या आणि अंग कसं वागतंय बघा. आणि दारू त्या दिवसांत पूर्ण बंद, "थोडीशी" पण नाही, कारण झोप दुप्पट होते आणि पॅरासिटामॉल, क्लोरझोक्साझोन दोन्हीचा भार लिव्हरवरच असतो. क्लोरझोक्साझोनने लिव्हरला गंभीर इजा झाल्याच्या केसेस आहेत, क्वचित होतं पण होतं. (याने लघवी केशरी किंवा लालसर दिसू शकते, त्याने लोक घाबरतात. नुसता रंग बदलला तर सहसा काळजीचं नसतं, पण डोळे पिवळे झाले, भूक मेली, मळमळ सुरू झाली आणि लघवी गडद झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर.)

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती डबल डोसची. माणूस ही गोळी घेतो, रात्री परत कळ येते म्हणून वर कॉम्बिफ्लाम घेतो, त्यात आयबुप्रोफेन आहे, म्हणजे पोटात एकाच जातीची दोन औषधं गेली. आराम काही दुप्पट होत नाही, पोटात अल्सर आणि रक्तस्राव व्हायचा धोका मात्र वाढतो. पॅरासिटामॉलचंही तेच. कंबरेच्या दोन गोळ्यांतून ६५० मिग्रॅ गेलं, अंग गरम वाटतं म्हणून दिवसात चार वेळा डोलो ६५० घेतली तर तिथेच ३२५० झाले, आणि सर्दीची गोळी घेतली तर त्यातही बहुतेक पॅरासिटामॉल असतंच. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाची वरची मर्यादा ४००० आहे, बारीक अंगाच्या किंवा लिव्हरचा त्रास असलेल्या माणसाला त्याहून कमी. असेक्लोफेनाकची मर्यादा दिवसाला २०० मिग्रॅ, म्हणजे सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. चहा-खारी म्हणजे जेवण नव्हे.

सोबत पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) घेतली की झालं असं खूप जणांना वाटतं. ती पोटाला वाचवते (आणि ती सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते), पण किडनीला वाचवत नाही. किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा नीट ठेवणारं शरीरातलं जे रसायन असतं तेच असेक्लोफेनाक, डायक्लोफेनाक, आयबुप्रोफेन ही औषधं कमी करतात. डायक्लोफेनाक दिलेल्या गुरांची मढी खाऊन आपल्याकडची गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद केलं आणि २०२३ मध्ये असेक्लोफेनाकही, कारण गुरांच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनाकच होतं. माणसाचं गिधाडासारखं होत नाही, पण वय जास्त असेल, डायबेटीस असेल, बीपीची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी आणि सोबत लघवी जास्त व्हायची गोळी चालू असेल आणि त्यात हे आलं तर किडनीवर खरंच ताण येतो. हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, पूर्वी अल्सर झालाय, पेनकिलरने दमा उठतो, गरोदर आहात, तर ही गोळी स्वतःहून घ्यायचीच नाही. थायोकोल्चिकोसाइडबद्दल तर युरोपात २०१३ मध्येच सांगितलं गेलं की १६ वर्षांवरच्यांनाच, तोंडावाटे जास्तीत जास्त ७ दिवस आणि गरोदरपणात, अंगावर पाजताना अजिबात नाही.

म्हणूनच स्ट्रिपवर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून. मी नाही म्हटलं की लोक रागावतात, "ताई, समोरचा देतो की". देत असेलही. मावशी लोकांना माझं सांगणं असतं की निदान बिल घ्या, आणि कात्रीने कापून चार गोळ्या घेतल्या तर नाव, एक्स्पायरी आणि कॉम्पोझिशन त्या तुकड्यावर आलंय का बघा, नाहीतर उद्या डॉक्टरने विचारलं काय घेतलंत तर "पांढरी गोळी" एवढंच सांगता येतं. २०२४ मध्ये असेक्लोफेनाक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ असं कॉम्बिनेशन सरकारने बंद केलं तेव्हा फॉरवर्ड फिरत होते की सगळीच असेक्लो बंद झाली, तसं नाहीये, म्हणून पण आकडे वाचता यायला हवेत.

गोळी थोड्या दिवसांचीच असते. डॉक्टरने सांगितलेल्या दिवसांनंतरही दुखत असेल तर तीच रिपीट करू नका, कारण शोधायला हवं. पायाला बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, पाय किंवा तोंड सुजणं, श्वासाला त्रास, यातलं काहीही झालं तर केईएम म्हणा, सायन म्हणा, जवळ जे हॉस्पिटल असेल तिथे त्याच दिवशी जा.

आणि जून ते ऑक्टोबर आणखी एक, जे मी प्रत्येकाला काउंटरवर विचारते: ताप आहे का? डेंग्यूतही अंग, पाठ, सांधे असेच मोडून येतात आणि त्यात प्लेटलेट कमी असताना ही पेनकिलर घेतली तर रक्तस्रावाची भीती. तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर लेप्टो (त्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप) असू शकतो, त्यात किडनी आधीच त्रासात असते. तापाबरोबर अंग दुखत असेल तर रक्त तपासून डॉक्टर सांगेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, मापात.