तिळी भावंडं

"ही तिळी भावंडं आहेत का?"

नुसत्या बाह्याकारावरून पात्रं ओळखू येतात का ते बघायला, अ‍ॅनिमेशनच्या तीन पात्रांच्या आकृत्या आतून पूर्ण काळ्या भरून दाखवल्या, तर आज हा प्रश्न आला. एक शिकारी, एक म्हातारा वैद्य, एक 6 वर्षांची मुलगी. रंगात तिघांचे कपडे, केस, डोळे सगळं वेगळं. काळ्यात मात्र तेच खांदे, तोच बांधा, तीच कमरेवर हात ठेवलेली पोझ. मुलगी म्हणजे शिकाऱ्याचीच छोटी प्रत!

इथेच गडबड. उंची डोक्याच्या मापात मोजली, तर प्रौढ माणूस साधारण स्वतःच्या साडेसात डोक्यांएवढा उंच, 6 वर्षांचं मूल साडेपाचच्या आसपास. मोठ्या माणसाला नुसतं लहान केलं की मूल होत नाही, ठेंगू माणूस होतो. डोकं तुलनेने मोठं हवं, खांदे अरुंद हवेत.

वैद्य काळ्यातही म्हातारा दिसायला तर पाठीचा बाक आणि पुढे आलेली मान पुरते. दाढी नंतर रेखाटा.

आणि शिकाऱ्याच्या पट्ट्यावर 14 बकलं! एका चित्रात छान दिसतात. पण अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला 12 चित्रं धरली तरी 168 बकलं होतात, दर सेकंदाला. शिवाय आकृती 2 सेंटिमीटरवर आणली की त्यांचा नुसता चिखल. दोन मोठी ठेवली तर पट्टा लांबूनही ओळखू येतो.

तुम्ही काळा रंग कधी भरून बघता? कच्च्या रेखाटनावर, की सगळं रंगवून झाल्यावर, जेव्हा बदलायचा जीव होत नाही?