लेकीचा अर्ज आणि पाण्याखालचं शेत

माझ्या सासरचा मूळ पुरुष अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज राजाच्या बाजूने लढला. माहेरी, साताऱ्यात, हे मी पंगतीत बोलले असते तर चार माणसांचा घास हातात राहिला असता. आपल्याकडे बाळाजीपंत नातूंचं नाव दोनशे वर्षांनंतरही कुणी सरळ तोंडाने घेत नाही. कॅनडातल्या ओंटारिओत मात्र अशा पूर्वजाच्या नावाने रस्त्याकडेला पाट्या लागतात, आणि वंशजांना आपल्या नावापुढे यू. ई. (युनायटेड एम्पायर) ही अक्षरं लावता येतात. तो मान 1789 मध्ये गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टरच्या कारकिर्दीत ठरला. सासूबाईंना त्या मानाचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यांच्या गुडघ्यांना दगदग झेपत नाही, नवऱ्याला जुन्या कागदांचं वावडं, म्हणून काम सुनेच्या गळ्यात पडलं. पडलं ते बरं झालं.

कॅनडातल्या मराठी घरांत आता इथल्या सुना-जावई आलेत, त्यांची मुलं शाळेतून 'फॅमिली ट्री'चा तक्ता घेऊन घरी येतात. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध 1775 ते 1783. त्यात राजाची बाजू घेतलेल्यांना, म्हणजे लॉयलिस्टांना, हरल्यावर घरदार सोडावं लागलं. बरेचजण नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविककडे गेले. आमचा म्हातारा (घरात त्याला सगळे असंच म्हणतात) न्यूयॉर्कमधल्या मोहॉक नदीच्या खोऱ्यातला, जर्मन वंशाचा कूळ. त्याचा जमीनदार सर जॉन जॉन्सन 1776 च्या मे महिन्यात ॲडिरोंडॅकचं जंगल तुडवत माँट्रिअलला पळाला आणि तिथे त्याने 'किंग्ज रॉयल रेजिमेंट ऑफ न्यूयॉर्क' उभी केली. म्हातारा त्यात साधा शिपाई. युद्ध संपल्यावर पलटण मोडली आणि 1784 मध्ये शिपायांना सेंट लॉरेन्स नदीकाठी जमिनी दिल्या. चिठ्ठ्या टोपीत टाकून ज्याला जो तुकडा निघेल तो, असं सांगतात. साध्या शिपायाला 100 एकर, शिवाय घरातल्या प्रत्येक माणसामागे 50. म्हाताऱ्याच्या वाट्याला ऑस्नाब्रुक टाउनशिपमधली (टाउनशिप म्हणजे जमीन-मोजणीचा विभाग) जमीन आली.

आता मुद्द्याचं. पूर्वजाची निष्ठा शोधायला जाऊ नका, जमीन शोधा. निष्ठा कुणी लिहून ठेवत नाही. जमीन मिळवायची तर अर्ज करावा लागतो, आणि सरकारदरबारी आलेला अर्ज फायलीतून सहसा सुटत नाही. 1789 च्या ठरावाने लॉयलिस्टांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, 200 एकर मिळायची सोय झाली. मुलगा 21 वर्षांचा झाला की, मुलगी 21 ची झाली किंवा त्याआधी तिचं लग्न झालं की. त्यामुळे आमचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हाताऱ्याने नाही, त्याच्या लेकीने दिला. माहेरच्या वंशावळीत मुलींच्या जागी नुसती रेघ असते. इथे तिच्यामुळेच साखळी जुळली.

तो अर्ज एका पानाचा आहे. शाई तपकिरी झालेली, अक्षर कारकुनाचं, वळणदार. मी अमक्याची बायको, ऑस्नाब्रुकच्या तमक्या लॉयलिस्टाची मुलगी, वय 21 पूर्ण, आजवर सरकारकडून जमीन मिळालेली नाही, तरी 200 एकर मिळावेत. खाली सहीच्या जागी फुली, आणि फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनाने तिचं नाव लिहिलेलं. ती फुली जरा थरथरलेली आहे, दुसरी रेघ पहिलीला नीट छेदत नाही. पान उलटायला विसरू नका. बापाचं नाव लॉयलिस्टांच्या यादीत असल्याचा दाखला आणि मंजुरीचा शेरा मागच्या बाजूला असतो, आणि प्रमाणपत्रासाठी तोच कामाला येतो.

असे अर्ज 'अप्पर कॅनडा लँड पिटिशन्स' या संग्रहात आहेत (अप्पर कॅनडा हे ओंटारिओचं जुनं नाव). मूळ ताबा ओटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाकडे. नावांची सूची त्यांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते, मायक्रोफिल्मची चित्रं 'हेरिटाज कॅनेडियाना'वर दिसतात. म्हणजे अर्धं काम घरच्या सोफ्यावर होतं. उरलेल्यासाठी टोरांटोत यॉर्क विद्यापीठाच्या आवारातलं आर्काइव्ह्ज ऑफ ओंटारिओ गाठा. गाडी न्यायची गरज नाही, सबवे विद्यापीठापर्यंत जाते. तिथे 'टाउनशिप पेपर्स' मागा. ते माणसाच्या नावाने नाही, टाउनशिप, कन्सेशन (जमिनींची रांग) आणि लॉट (रांगेतला एक तुकडा) या क्रमाने लावलेत, तेव्हा लॉटचा नंबर आधी हातात असू द्या. स्वेटर न्या, आत गारठा असतो. पेन बाहेरच राहतं, पेन्सिल आणि फोन चालतो.

आडनावाचं स्पेलिंग हे एक वेगळंच प्रकरण आहे. जर्मन माणूस नाव सांगणार, इंग्रज कारकून कानाला येईल ते लिहिणार. मोहॉक खोऱ्यातलं 'लाउक्स' पुढे 'लूक्स' आणि आणखी वेगवेगळ्या स्पेलिंगांत सापडतं. मोठ्याने उच्चारून पाहायचं आणि कान सांगेल ती सगळी रूपं शोधायची. मोडी वाचणाऱ्याला हा सराव असतोच.

म्हाताऱ्याच्या शेताची जागा पाहायची तर टोरांटोहून मॉरिसबर्ग 401 महामार्गाने चार-साडेचार तास. मध्ये किंग्स्टनच्या अलीकडे वेळ असेल तर 33 नंबरच्या 'लॉयलिस्ट पार्कवे'वर उतरा. ग्लेनोराची फेरी गाडीसकट फुकट पलीकडे नेते आणि तिथून जवळच ॲडॉल्फस्टाउन आहे, जिथे 16 जून 1784 ला लॉयलिस्टांची एक तुकडी उतरली. आमचा म्हातारा तिथला नाही, म्हणून चहा घेऊन निघालो.

खरं पाहायचं ते मॉरिसबर्गच्या पुढे. म्हाताऱ्याचं शेत नदीला लागून होतं. नदीकाठचे पहिले लॉट सगळ्यांना हवेसे, कारण तेव्हा रस्ता म्हणजे नदीच. तेच पहिले लॉट 1958 मध्ये बुडाले. सेंट लॉरेन्स सीवे आणि वीज प्रकल्पासाठी 1 जुलैला बांध उडवला आणि चार दिवसांत पाणी चढलं. दहा गावं-वस्त्या गेल्या, साडेसहा हजारांच्या आसपास माणसं हलवली. कोयनेच्या पाण्यात गावं गेलेल्या मुलखातली मी, मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. लाँग सूजवळच्या 'लॉस्ट व्हिलेजेस म्युझियम'मध्ये वाचवून आणलेल्या इमारती आहेत. तिथले स्वयंसेवक स्वतःच्या घराबद्दल बोलावं तसं त्या गावांबद्दल बोलतात, त्यांना वेळ द्या. पाणी उतरलेलं असेल तर ऑल्ट्सव्हिलला जुने पाये आणि पदपथ वर येतात.

'अप्पर कॅनडा व्हिलेज' हे जुन्या काळच्या गावाचं संग्रहालय उन्हाळी मोसमात उघडं असतं. मुलांना आवडेल, मला त्याच्या शेजारचं स्मारक जास्त महत्त्वाचं वाटलं. बुडालेल्या दफनभूमींतले दगड तिथे विटांच्या भिंतींत बसवलेत, आणि विटाही पाडलेल्या घरांच्या. थडगी नाहीत, नुसते दगड. काही कबरी हलवल्या, काही पाण्याखाली राहिल्या. दुपारच्या उन्हात अक्षरं अजिबात दिसत नाहीत. सकाळी लवकर जा, किंवा मोबाइलचा टॉर्च दगडाला चिकटवून बाजूने मारा, झिजलेलं अक्षरही सावलीने उठून येतं. खडू, पीठ, तारेचा ब्रश, असलं काही दगडाला लावू नका. म्हाताऱ्याचा दगड तिथे नाही. जावयाचा आहे, आणि त्यावर त्याच लेकीचं नाव आहे, वयासकट.

शेत नेमकं कुठे बुडालं हे काढायला 1879 चा बेल्डनचा ॲटलास वापरा. मॅकगिल विद्यापीठाने तो ऑनलाइन ठेवलाय, मालकाच्या नावासह एकेक लॉट दिसतो. आजच्या नकाशाशी ताडून पाहिलं तर आमचा लॉट किनाऱ्यापासून बराच आत, पाण्यात निघाला. सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे कर भरायला नको." असा त्यांचा स्वभाव.

एक गोष्ट पाट्यांवर बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. ही जमीन राजाने दिली खरी, पण ती मोकळी पडलेली नव्हती. मोहॉक आणि इतर मूळ लोकांची ती वहिवाट होती. त्यातले कित्येक मोहॉक याच राजाच्या बाजूने लढून स्वतःचं खोरं गमावून बसले होते. शिवाय लॉयलिस्टांनी लंडनकडे नुकसानभरपाईचे जे दावे लावले, त्यांच्या याद्यांत घर, गाई, नांगर यांच्याच रांगेत गुलाम माणसंही किमतीसकट लिहिलेली आढळतात. हे दावे ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ए. ओ. 12 आणि 13 या क्रमांकांखाली आहेत. तुमच्या घराचा दावा सापडला तर मुलांना पूर्ण यादी वाचून दाखवा.

कॉर्नवॉलहून पूल ओलांडला की अमेरिका. पीआर (कॅनडाचे कायम रहिवासी) असलात तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि त्याची तारीख मिळायला वेळ जातो, म्हणून बेत आखताना सुरुवात तिथूनच करा. पूल अक्वेसासने या मोहॉक प्रदेशातून जातो.

पलीकडे दक्षिणेला जॉन्सटाउनमध्ये जॉन्सन हॉल आहे, जमीनदाराच्या बापाने 1763 मध्ये बांधलेला. छान ठेवलाय, पण कुळाच्या वंशजाला वाड्यात काय मिळणार? त्यापेक्षा फोंडा गावच्या जुन्या कोर्टात माँटगोमेरी काउंटीचं इतिहास आणि दप्तर खातं आहे, तिकडे आधी फोन करून जा. या काउंटीचं नाव पूर्वी ट्रायन. तो राजाचा गव्हर्नर, म्हणून 1784 मध्ये त्याचं नाव पुसून क्रांतीत पडलेल्या सेनापतीचं लावलं. जुने कागद 'ट्रायन'खाली शोधायचे, हे लक्षात असू द्या.

तिथून स्टोन अरेबियाला गेलो. मक्याची शेतं आणि रस्त्याकडेला दोन जुनी चर्च, बाकी काही नाही. 19 ऑक्टोबर 1780 ला सर जॉनच्या फौजेने ही वस्ती जाळली, चर्चसकट. आजचं दगडी रिफॉर्म्ड चर्च 1788 चं. जळण्याआधीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मात्र उपलब्ध आहेत, आणि त्यांत आमच्या म्हाताऱ्याचं नाव आहे. त्या दिवशी तो फौजेत होता की नाही हे हजेरीपटावरून ठरत नाही. मागच्या दफनभूमीत त्याच आडनावाचे दगड आहेत, ते दुसऱ्या बाजूने लढलेल्या चुलतभावांचे.

प्रमाणपत्रासाठी 'युनायटेड एम्पायर लॉयलिस्ट्स असोसिएशन'च्या जवळच्या शाखेत अर्ज करायचा. स्वतःपासून मागे एकेका पिढीचा कागद जोडत जायचं. ओंटारिओत जन्म-विवाहाची सरकारी नोंद 1869 पासूनची, त्याआधी जनगणना, मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त. अट अशी की पूर्वज युद्धाआधीपासून त्या वसाहतींत राहणारा हवा आणि तह होण्यापूर्वी राजाच्या बाजूला गेलेला हवा. 1790 च्या दशकात स्वस्त जमिनीसाठी आलेले त्यात धरत नाहीत. लग्नाची नोंद सापडली नाही तर घाबरू नका. सुरुवातीला तिथे अँग्लिकन पाद्रीच लग्न लावू शकत, आणि ते होते मोजके. दंडाधिकाऱ्यांनी लावलेली लग्नं 1793 च्या कायद्याने मान्य झाली, लुथरन आणि कॅल्विनिस्ट पाद्र्यांना 1798 मध्ये परवानगी मिळाली. अशा जागी बापाच्या मृत्युपत्रात 'माझी मुलगी, अमक्याची बायको' एवढं वाक्य मिळालं तरी शाखेचे तज्ज्ञ ते पाहतात. आमच्या फायलीत सध्या तेवढंच वाक्य कमी आहे, आणि कॉर्नवॉलच्या मृत्युपत्रांची रिळं आर्काइव्ह्जमध्ये मागवून ठेवली आहेत.