गॅस संपत नसतो

"एसीचा गॅस संपलाय, भरून टाकू," मेकॅनिक म्हणाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आज एका पंधरा वर्षं जुन्या गाडीचं बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागला.

मालक बिचारा सांगत होता, "हायवेला गार लागतंय, पण दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलं की गरम हवा." या एका वाक्यात अर्धं निदान होतं, कुणी ऐकलंच नाही. गाडी पळताना गार आणि उभी असताना गरम, म्हणजे आधी कंडेन्सर, म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसवलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी बघायची. एसी लावल्यावर कंडेन्सरचा फॅन फिरतो का? फिन्समध्ये, म्हणजे जाळीच्या पातळ पात्यांमध्ये, चिखल आणि उसाचं पाचट अडकलंय का? कमी दाबाच्या पाण्यानं धुवायचं, जोरात मारलं तर फिन्स वाकतात.

हवेचा झोतच कमी असेल तर डॅशबोर्डातला, आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर काढून बघा. पाच मिनिटांचं काम.

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, फिरत राहतो. खूप कमी झाला तर बहुधा गळती असते. जोडावर तेलकट डाग शोधा, तिथली रबरी ओ-रिंग बदला, पंपानं आतली हवा ओढून अर्धा तास व्हॅक्यूम धरा. मग गाडीतल्या एसीच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम वजन करून भरा. अंदाजानं जास्त भरला तर दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो आणि गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरवर ताण येतो.

आज त्या गाडीला दाब मोजायचा गेज लावलाच नाही, नुसता गॅस भरला. फॅन बंदच होता. पुढच्या सिग्नलला काय होणार?