सिरप संपलं म्हणून ड्रॉप्स दिले

मी फार्मासिस्ट आहे. आमच्या काउंटरवरचे दादा माझ्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत, डिग्री-डिप्लोमा काही नाही पण कुठलं औषध कुठल्या खणात ते न बघता हात घालून काढतात, डॉक्टरांचं कसलंही अक्षर वाचतात (मला अजून जमत नाही). त्या दिवशी भरपूर गर्दी, एक ताई बाळासाठी पॅरासिटामॉलचं सिरप मागत होत्या, ते संपलेलं, तर दादांनी त्याच कंपनीचे ड्रॉप्स काढून दिले. किती द्यायचं विचारल्यावर म्हणाले, तेवढंच हो, पाच एमएल, औषध एकच आहे.

मी मागे बिलं बघत होतो, ते "पाच एमएल" कानावर पडलं आणि हातातलं टाकून पुढे आलो. औषध एकच, पण त्या सिरपमध्ये ५ एमएलला १२० मिलिग्रॅम आणि ड्रॉप्समध्ये १ एमएललाच १००, म्हणजे पाच एमएल दिले की थेट ५००! बाळाचं वजन विचारलं तर आठ किलो. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ८० ते १२०, ड्रॉप्सचा साधारण एक एमएल. आणि हे दिवसातून तीन-चारदा दिलं असतं तर लिव्हरवरच गेलं असतं, त्यात वाईट म्हणजे पहिल्या दिवशी फारसं काही दिसत नाही, उलटी झाली तरी तापामुळेच असेल असं घरच्यांना वाटतं, आणि यावरचं उताऱ्याचं औषध अ‍ॅसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत मिळालं तर सगळ्यात चांगलं काम करतं, उशीर झाला की परिणाम कमी होत जातो.

ताईंना ड्रॉपरवरची खूण दाखवली, त्यांच्याकडून डोस परत म्हणवून घेतला आणि मगच सोडलं.

गर्दी ओसरल्यावर दादांसमोर दोन्ही खोकी ठेवली. आधी चिडलेच, इतकी वर्षं देतोय म्हणे. मग कळलं की ड्रॉप्स तान्ह्या बाळांचे म्हणजे ते हलकेच असणार असं त्यांना वाटायचं. आता यात लॉजिक नाही असं कोण म्हणेल? आहे मात्र उलट, बाळाच्या तोंडात थोडंच औषध जातं म्हणून ते जास्त कडक बनवतात.

पण नुसत्या डिग्रीनेही भागत नाही हां. आमच्याकडे नुकताच पास झालेला एक पोरगा आहे, त्याला हीच केस घातली तर किलोमागे किती ते धडाधड म्हणून दाखवलं, बाळाचं वजन मात्र विचारलंच नाही.

आता डोस फक्त फार्मासिस्टनेच सांगायचा असं मालकांनी ठरवून दिलंय. दादा कुरकुरतात, पण पाळतात. परवा एकजण सर्दीच्या गोळ्या आणि सोबत तापाची गोळी मागत होता, तर दादांनी सर्दीच्या स्ट्रिपची मागची बाजू वाचली आणि मला हाक मारली, "अहो, यात पण पॅरासिटामॉल आहे, दोन्ही देऊ का?"

नका देऊ म्हटलं.