‘अजून गोळ्या चालूच?’ तुम्ही विचारलंत म्हणून

हळदीकुंकवाला, शाळेच्या गेटवर, इथे सोलापुरात अशोक चौकात भाजी घेताना, सगळीकडे एकच विचारणा. ‘काकू, एवढ्याशा पोराला डोक्याच्या गोळ्या कशाला? माया लावा, होईल शांत.’ हसून वेळ मारून नेते. आज एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

आमचं पालक-घर, म्हणजे घरच्यांकडे राहता येत नाही अशा दुसऱ्याच्या पोराला सांभाळायचं. पोराचं नाव लिहीत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार लिहिताही येत नाही, आणि येत असतं तरी लिहिलं नसतं. आमच्याकडे आला तेव्हा नऊ वर्षांचा, 24 किलोचा. बाल कल्याण समितीचा आदेश, दोन शर्ट आणि एक कॅरीबॅग. ‘ह्याच्या गोळ्या ह्यात आहेत, रात्री एक द्यायची.’ कागद नव्हता. कशासाठी चालू केल्या, कधी केल्या, काही नाही.

मी द्यायला लागले. सांगितलं तसं करायचं, एवढंच मला कळत होतं.

महिनाभराने नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, ‘आधीचं काही चालू आहे?’ मी म्हणाले, ‘आहे की, झोपेची काहीतरी.’ पिशवी घरी कपाटात होती. त्यांनी पोराशी बोलून एक गोळी लिहून दिली. म्हणजे घरी दोन झाल्या. वेगळी पाकिटं, वेगळी नावं, वेगळे रंग. मला वाटलं एक झोपेची, एक रागाची.

चौथ्या दिवशी रात्री जेवायला बसलो होतो. शेंगाचटणीवर तेल घालून दिलं आणि पाणी आणायला उठले. वळून बघते तर त्याची मान डावीकडे गेलेली. मला वाटलं खोड्या काढतोय. ‘नीट बस रे’ म्हणून ओरडलेसुद्धा. मग डोळे वर गेले, छताकडे, आणि तिथेच राहिले. शुद्धीत होता. सगळं ऐकत होता. जड जिभेनं म्हणाला, ‘काकू, मान येईना.’

शेजारपाजारचे जमले. कुणी चप्पल हुंगवली, कुणी अंगारा लावला, एक बाई म्हणाल्या, ‘त्याची आई आली असेल बघायला.’ त्याची आई जिवंत आहे. पोरानं तेही ऐकलं.

रिक्षानं दवाखान्यात. तिथला तरुण डॉक्टर पहिलं वाक्य काय बोलला? ‘गोळ्यांची पाकिटं कुठायत?’ आमचे हे गाडीवर घरी गेले, कॅरीबॅग घेऊन आले. त्याने दोन्ही पाकिटं उजेडात धरली आणि मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. रिस्पेरिडॉन, चिडचिड-आदळआपट आवरायला देतात ते. दुसऱ्यावरही रिस्पेरिडॉन. एकच औषध, दोन कंपन्यांचं. चार रात्री मी त्याला दुप्पट डोस देत होते, वर दुधाबरोबर, प्रेमानं.

इंजेक्शन दिल्यावर वीसेक मिनिटांत मान सरळ झाली. त्याने चहा-खारी मागितली. मी बाहेर जाऊन रडले.

मग तुम्ही म्हणाल, तेव्हाच बंद का नाही केल्या? तेव्हाची मी हेच म्हणत होते. डॉक्टरांशी भांडले. त्यांनी एक पाकीट बंद केलं, दुसरीची अर्धी गोळी ठेवली आणि म्हणाले, मनानं काही बंद करायचं नाही, एकदम तर नाहीच. ज्या पोरानं आल्या-आल्या रात्री तीनला भिंतीवर डोकं आपटलेलं मी बघितलं होतं, तो आता पहाटेपर्यंत झोपतो. हे गोळीमुळे की माझ्यामुळे? मला ठाऊक नाही. तुम्हाला बरं ठाऊक असतं!

शहाणी माणसं अमेरिकेचा दाखला देतात. वाचलंय मी. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाचा 2011 चा अहवाल आहे. पाच राज्यांत पालक-घरांतल्या मुलांना अशी औषधं सरकारी विम्यातल्या इतर मुलांपेक्षा 2.7 ते 4.5 पट जास्त लिहिली जात होती, काहींना एकावेळी पाच-पाच. पण त्याच अहवालात हेही आहे की नुसता आकडा जास्त म्हणून औषध चुकीचं ठरत नाही, ह्या पोरांनी सोसलेलंही जास्त असतं. हा अर्धा भाग कुणी सांगत नाही.

आता आमच्याकडे वही आहे. तारीख, वेळ, औषधाचं खरं नाव, कंपनीचं नाही. दर महिन्याला वजन, कमरेचं माप, कारण ह्या गोळीनं भूक सुटते. आठ महिन्यांत पाच किलो वाढला. मधूनमधून उपाशीपोटी साखर तपासतो. डबा गोदरेजच्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. एप्रिल-मेमध्ये जास्त लक्ष, ह्या औषधात अंगाला ऊन सोसत नाही, आणि आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. त्याची बाटली पहिली भरते. सुट्टीत कुंभारीला आजीकडे जातो. आजी विड्या वळते, तिला वाचता येत नाही. म्हणून एकेका रात्रीची गोळी एकेका पाकिटात, वर पेननं काढलेला चंद्र. परत येताना रिकामी पाकिटं मोजून घेते.

एवढी शहाणी झाले असं वाटत असेल तर एक सांगते. मागच्या पावसाळ्यात पाहुणे होते, पोरगं पिसाळल्यागत करत होतं. नऊची गोळी मी सातला दिली. वहीत नऊच लिहिलं. ती त्याच्यासाठी नव्हती.

परवा डॉक्टर म्हणाले, आता आणखी कमी करून बघू. मीच म्हणाले, गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, होऊ द्या, यात्रेत गर्दी, पाळणे, भोंगे, नंतर बघू. ते आत्ताच कमी करायला तयार होते. पोरगा बाहेर बाकावर पाय हलवत बसला होता. गाडीवर बसल्यावर विचारलं, ‘काय म्हणाले?’

म्हटलं, ‘पुढची तारीख दिली.’