ब्रोमोची तारीख धरताना

आमच्याकडे सहलीची तारीख शाळेची सुट्टी आणि शेतातली कामं बघून ठरते. इंडोनेशियातल्या ब्रोमो ज्वालामुखीच्या वेळी मात्र आधी डोंगराची सवड बघावी लागली.

धुळ्याहून नंदुरबारकडे जाताना माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर येणारा लाव्हा आतच थिजला आणि आजूबाजूचा खडक झिजल्यावर उघडा पडला. हे ऐकल्यापासून नववीतल्या चिरंजीवांचं एकच पालुपद, "विझलेलं किती बघायचं? जिवंत दाखवा." हवाईचा खर्च ऐकून सगळे गप्प झाले, म्हणून पूर्व जावातलं ब्रोमो-टेंगर-सेमेरू राष्ट्रीय उद्यान नक्की केलं. आई म्हणाली, "आगना डोंगर देखाले इतलं दूर?" पण ब्रोमोच्या विवराच्या काठावर गणपती आहे म्हटल्यावर पासपोर्टचा पहिला अर्ज तिचाच भरून झाला.

एका एजंटाला विचारलं तर त्याने बालीचं पॅकेज पुढे केलं आणि ब्रोमो "वेळ उरला तर बघू" म्हणाला. बाली बेटच वेगळं! मग सगळं घरीच जुळवलं. व्हिसाचा त्रास नाही, 30 दिवसांचा ऑनलाइन मिळतो, माणशी 5 लाख रुपिया. आकडा ऐकून दाजी दचकले, पण रुपिया म्हणजे आपला रुपया नव्हे. पासपोर्टची मुदत मात्र सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. मुंबईहून सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलून सुराबायाला उतरायचं, तिथून पुढे गाडी.

खरी मेख तारखेत होती. तिकडे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी बरोबर बसते. पण डोंगरावरचे टेंगर लोक हिंदू आहेत, आणि त्यांच्या कसादा सणाला ते भात, भाजीपाला, कोंबड्या, अगदी बकरासुद्धा विवरात अर्पण करतात. त्या दिवसांत उद्यान पर्यटकांना बंद ठेवतात. सण त्यांच्या स्वतःच्या पंचांगाने येतो, म्हणून दरवर्षी तारीख सरकते, बहुधा जून-जुलैच्या आसपास. तिकीटही ठरावीक तारखेचं, ऑनलाइन, आणि परदेशी माणसाला स्थानिकांपेक्षा कितीतरी महाग. त्यामुळे बंदचे दिवस बघितल्याशिवाय विमानाला हात लावला नाही.

दुसरी गोष्ट ज्वालामुखीच्या तब्येतीची. इंडोनेशियात धोक्याचे चार टप्पे आहेत, आणि सरकारच्या 'माग्मा इंडोनेशिया' या साइटवर प्रत्येक डोंगर कोणत्या टप्प्यावर आहे ते कळतं. ब्रोमो दुसऱ्या टप्प्यावर असला की विवरापासून एक किलोमीटर लांब राहायची सूचना असते. हे उगाच नाही. जून 2004 मध्ये अचानक झालेल्या स्फोटात दोघांचा जीव गेला होता. मी रोज सकाळी कापसाचा भाव बघण्याआधी ती साइट उघडायचो. बायको म्हणे, "जावईबापूंचा ताप बघता का?"

कपड्यांची गंमत वेगळीच. पेनांजाकान हे सूर्योदयाचं ठिकाण 2,770 मीटर उंचीवर, पहाटे हाडं गोठवणारा गारठा. आणि आम्ही धुळ्याच्या पाचकंदील बाजारात भर मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, माकडटोप्या मागत होतो. दुकानदाराने आधी आमच्याकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, आणि पोऱ्याला माळ्यावर चढवलं. डांबरगोळ्यांच्या वासाच्या टोप्या खाली आल्या, त्याही निम्म्या भावात. हंगाम नसताना खरेदी करायचा हा फायदा.

शाकाहारी मंडळींनी सांबलपासून सावध राहावं. दिसतो थेट ठेच्यासारखा, पण त्यात बहुतेक वेळा तेरासी असते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. आईने दशम्या, बिबडे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, तीच कामी आली. टेंपे मात्र बिनधास्त खा, ते सोयाबीनचं असतं.

मुक्काम चेमोरो लावांगला केला, जुन्या महाविवराच्या अगदी काठावर. सुराबायाहून रात्रभर गाडी हाकत येणारेही असतात, पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर ते करू नये. आम्ही तीनच्या सुमाराला जीपने निघालो. फोटोत सगळे ज्याला ब्रोमो समजतात तो घड्याघड्यांचा शंकू खरं तर बाटोक, तो कधीच विझलेला. ब्रोमो शेजारचा, बुटका आणि धुरकट. मागे सेमेरू, 3,676 मीटर, जावातला सर्वात उंच. मुलगा एकदाचा गप्प झाला.

आम्ही गेलो तेव्हा काठापर्यंत जायची मोकळीक होती. राखेच्या मैदानातून जिन्याच्या पायथ्यापर्यंत घोडे मिळतात. पुढे अडीचशेच्या आसपास पायऱ्या, आणि वर गंधकाचा असा वास की मास्क हवाच. घोड्याचा भाव जाऊन-येऊन मिळून आधीच ठरवून घ्या. आमचा भाव आईने बोटांवर पाडला, अहिराणीत.